यजमान कर्नलची निगा: एका सर्व्हरवर अनेक यंत्रे चालवणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेचा सर्व्हर काही वर्षे माझ्याकडे देखभालीला होता. त्या एकाच यंत्रावर चार व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली स्वतंत्र यंत्रे, चालत असत: एकीवर खात्यांचा डेटाबेस, दुसरीवर शाखांना जोडणारे सॉफ्टवेअर, तिसरीवर कर्मचाऱ्यांच्या सामाईक फाइली आणि चौथीवर जीएसटीचे काम करण्यासाठी ठेवलेले विंडोज. तीन वर्षांहून अधिक काळ हा सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता आणि संस्थेत येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट अभिमानाने सांगत असे. मग जुलैतल्या एका पहाटे पावसात वीज गेली, यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या काही मिनिटांतच संपल्या आणि यंत्र बंद पडले. वीज आल्यावर यंत्र सुरू झाले, चारही व्हीएम उभ्या राहिल्या, पण एकाही शाखेला जोडणी मिळेना. तीन वर्षांपूर्वी मी नेटवर्कचा ब्रिज, म्हणजे व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा, हाताने आज्ञा देऊन उभा केला होता आणि तो कॉन्फिगरेशनच्या फाइलीत लिहून ठेवायचा राहून गेला होता. हे लक्षात येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर शाखांच्या खिडकीशी माणसे ताटकळत उभी होती.

त्या दिवशी मला अधिक बोचली ती मात्र दुसरीच गोष्ट. मी दरमहा कर्नलचे पॅच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील चुकांच्या दुरुस्त्या, उतरवून घेत होतो, पण यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा कर्नल अमलात येत नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या दुरुस्त्या डिस्कवर पडून होत्या आणि मेमरीत तीन वर्षांपूर्वीचाच कर्नल चालत होता. चारही व्हीएममधील विंडोज आणि लिनक्स मी नेमाने अद्ययावत ठेवले होते, अँटिव्हायरसही होता, परंतु ज्या पायावर ही सगळी यंत्रे उभी होती तो पायाच दुर्लक्षित राहिला होता. बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागातील पतसंस्था, दवाखाने, उद्यमबागेतील फाउंड्र्या अशा कितीतरी ठिकाणी आज हीच मांडणी आहे: एक सर्व्हर, त्यावर चार-सहा व्हीएम आणि ते सांभाळणारा एक माणूस. म्हणून हा विषय मराठीत नीट मांडावा असे वाटले.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, मेमरीचे कोणते पान कोणाचे, डिस्कवर कोणी लिहायचे, नेटवर्क कार्ड कोणी वापरायचे, हे सर्व कर्नल ठरवतो. आपण वापरतो ते प्रोग्राम प्रोसेसरच्या मर्यादित अधिकाराच्या पातळीवर चालतात, तर कर्नल सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर चालतो. एखाद्या प्रोग्राममधील चूक सहसा त्या प्रोग्रामपुरती राहते, पण कर्नलमधील चूक हल्लेखोराच्या हाती लागली तर संपूर्ण यंत्रच त्याच्या ताब्यात जाते, कारण कर्नलच्या वर तक्रार करण्यासाठी दुसरा कोणी नसतो.

आता या चित्रात व्हर्च्युअलायझेशन आणून पाहू. जुन्या वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडे राहत असत; प्रत्येकाची चूल वेगळी, दाराची कडी वेगळी, आणि प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या खोल्यांपुरते स्वतंत्र. तरीही पाण्याची टाकी, विजेचे मीटर आणि सर्व खोल्यांच्या जादा किल्ल्या मालकाकडेच असत. व्हीएम म्हणजे असे बिऱ्हाड. तिच्या आत तिचा स्वतःचा कर्नल असतो आणि आपण खऱ्या यंत्रावर चालत आहोत असेच त्याला वाटत असते. प्रत्यक्षात मात्र खऱ्या यंत्राचा मालक म्हणजे खालचा, यजमान कर्नल. बिऱ्हाडातील एका खोलीत चोर शिरला तर त्या कुटुंबाचे नुकसान होते. तोच चोर मालकाच्या घरात पोहोचला तर सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या हातात येतात आणि मग कोणाची कडी किती भक्कम आहे याला काही अर्थ राहत नाही.

ही रचना साध्या यंत्रांवर शक्य झाली ती प्रोसेसरमधील बदलांमुळे. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आणली. व्हीएममधील, म्हणजे पाहुण्या, कर्नलला सर्वोच्च अधिकार असल्याचा भास देऊन संवेदनशील कृतीच्या क्षणी ताबा यजमानाकडे परत आणण्याचे काम तेव्हापासून प्रोसेसर स्वतः करू लागला. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत व्हीएम चालवणारा केव्हीएम हा भाग समाविष्ट झाला आणि सामान्य लिनक्स कर्नलच यजमानाची भूमिका बजावू लागला. आपल्याकडील लहान संस्थांमध्ये व्हीएम सांभाळण्यासाठी वापरले जाणारे प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअरही याच केव्हीएमवर उभे आहे. या निर्णयाचा मोठा फायदा म्हणजे लिनक्सची तयार यंत्रणा यजमानाला आयती मिळाली; पण त्याचबरोबर तीन कोटींहून अधिक ओळींच्या प्रचंड कोडचा भारही आला. त्यातील निम्म्याहून अधिक भाग निरनिराळ्या उपकरणांच्या ड्रायव्हरचा आहे आणि आपल्या सर्व्हरला त्यातील अगदी थोडाच लागतो.

व्हीएममध्ये शिरलेला हल्लेखोर यजमानापर्यंत पोहोचतो कसा, हा यातील कळीचा प्रश्न आहे. पहिला आणि सर्वांत वापरला गेलेला मार्ग नकली उपकरणांतून जातो. व्हीएमला डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, यूएसबी पोर्ट दिसतात, पण ते खरे नसतात. क्यूईएमयू नावाचा यजमानावर चालणारा प्रोग्राम त्यांचे सोंग वठवत असतो. व्हीएममधून आलेली प्रत्येक विनंती हा प्रोग्राम वाचतो, म्हणजेच हल्लेखोराने मुद्दाम वेडीवाकडी रचलेली विनंतीही तोच वाचतो. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ या नावाने जाहीर झालेली चूक याचे उत्तम उदाहरण आहे. ती फ्लॉपी डिस्कचे सोंग वठवणाऱ्या कोडमध्ये होती आणि २००४ पासून तिथे पडून होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, अनेकांनी तर व्हीएमच्या रचनेत फ्लॉपी बंदही केली होती, तरीही नियंत्रकाचा तो कोड जागा राहत असे आणि त्यातून व्हीएमच्या बाहेर पडणे शक्य होत असे. २०२० मध्ये क्यूईएमयूच्या यूएसबीच्या भागातही व्हीएमबाहेर पडण्याचा धोका असलेली चूक सापडली. जीएसटीच्या कामासाठी डिजिटल सहीची यूएसबी चावी व्हीएमला जोडून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती चावी एका व्हीएमला लागते म्हणून सगळ्याच व्हीएमना यूएसबीचा नियंत्रक देऊन ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. जिला यूएसबी लागत नाही तिला यूएसबी देऊ नये, जिला आवाज लागत नाही तिला साउंड कार्ड देऊ नये. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरा मार्ग थेट कर्नलमधील केव्हीएमच्या कोडमधून जातो. हा कोड तुलनेने लहान आणि काळजीपूर्वक तपासलेला असल्यामुळे अशा चुका दुर्मिळ आहेत, पण अशक्य नाहीत. २०२१ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतील चुका शोधणाऱ्या गटातील फेलिक्स विल्हेल्म यांनी एएमडी प्रोसेसरसाठीच्या केव्हीएममध्ये अशी चूक दाखवून दिली की तिच्यामुळे क्यूईएमयूचा कोणताही आधार न घेता व्हीएममधून थेट यजमान कर्नलपर्यंत पोहोचता येत होते. ती चूक व्हीएमच्या आत आणखी एक व्हीएम चालवण्याच्या सोयीत होती. ही सोय प्रयोगशाळेत किंवा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडते. पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या सर्व्हरवर तिचे काहीच काम नसते, आणि तरीही ती अनेकदा आपोआप चालू असते. केव्हीएमचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) सुरू होताना ती बंद ठेवण्याचा पर्याय देता येतो आणि तो द्यावाच.

तिसरा मार्ग समजावून सांगणे सर्वांत कठीण, म्हणून त्यासाठी वडगाव-शहापूरच्या विणकर वस्तीत जाऊ. तिथे एकाला एक लागून घरे आहेत आणि घराघरांतून यंत्रमाग चालतात. शेजारच्या घरात पाऊलही न टाकता, केवळ भिंतीतून येणाऱ्या आवाजावरून जाणता विणकर सांगू शकतो की पलीकडे किती माग चालू आहेत आणि एखादा मध्येच थांबला आहे की काय. भिंत शाबूत असते, दार बंद असते, तरीही माहिती बाहेर येते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या चुका अशाच प्रकारच्या होत्या. आधुनिक प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून ठेवतो आणि अंदाज चुकला तर त्यांचा परिणाम पुसून टाकतो; परंतु कॅश मेमरीत, म्हणजे प्रोसेसरच्या आतील छोट्या जलद मेमरीत, उमटलेली त्यांची खूण पुसली जात नाही. कोणता भाग किती वेळात वाचला जातो हे मोजत गेले की त्या खुणेवरून दुसऱ्याची गुप्त माहिती हळूहळू उलगडते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेली ‘फोरशॅडो’ ही इंटेलच्या प्रोसेसरमधील चूक तर व्हर्च्युअलायझेशनच्या मुळावरच येणारी होती, कारण एका व्हीएममधून प्रोसेसरच्या त्याच कोअरच्या कॅशमध्ये असलेली यजमानाची किंवा दुसऱ्या व्हीएमची माहिती वाचता येत होती.

अशा चुका प्रोसेसरमध्ये असल्या तरी त्यांचा उपाय बव्हंशी कर्नलला करावा लागतो: व्हीएममध्ये प्रवेश करण्याआधी कॅश रिकामी करणे, कर्नलची आणि प्रोग्रामची पाने वेगळी ठेवणे, मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनांची नवी आवृत्ती सुरुवातीलाच भरणे. या उपायांनी यंत्राचा वेग थोडा कमी होतो आणि म्हणून ‘मिटिगेशन्स ऑफ’ असा पर्याय कर्नलला देऊन सगळे उपाय एका झटक्यात बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. एकाच मालकाच्या, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या यंत्रावर तो कदाचित चालेल. पण जिथे एका व्हीएमवर लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे आणि दुसरीवर कोणीही ईमेल उघडतो, तिथे तो सल्ला ऐकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या प्रोसेसरला यांतील कोणती चूक लागू आहे आणि तिच्यावर उपाय चालू आहे की नाही, हे कर्नल स्वतःच सांगतो. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की शेवटी एक यादी येते. तिच्यात ‘व्हल्नरेबल’ असा शब्द कुठेही दिसला तर त्या ओळीचा पाठपुरावा करायलाच हवा.

याच घराण्यातील आणखी एक गोष्ट म्हणजे केएसएम. दोन व्हीएममध्ये मेमरीचे एखादे पान हुबेहूब सारखे आढळले तर त्याची एकच प्रत ठेवून जागा वाचवायची, अशी ही सोय २००९ पासून लिनक्समध्ये आहे. मेमरी कमी असलेल्या यंत्रावर ती मोहात पाडते. परंतु सामाईक पानावर लिहिताना नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो आणि त्या वेळेवरून शेजारच्या व्हीएममध्ये अमुक मजकूर आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. एकमेकींवर विश्वास ठेवता येणार नाही अशा व्हीएम असतील तर केएसएम बंद ठेवावे आणि शक्य झाल्यास मेमरी वाढवून घ्यावी.

चूक कधीतरी सापडणारच हे गृहीत धरून तिची झळ मर्यादित ठेवण्याची सोयही कर्नलमध्ये आहे. एसईलिनक्स हा कर्नलमधील पहारेकरी प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक फाइलीला एक खूण लावतो आणि खुणा जुळल्या तरच वाचू किंवा लिहू देतो. २००९ पासून त्याला एसव्हर्टची जोड मिळाली आणि प्रत्येक व्हीएमच्या क्यूईएमयूला वेगळी खूण मिळू लागली. त्यामुळे एका व्हीएममधून निसटलेला हल्लेखोर क्यूईएमयूपर्यंत आला, तरी दुसऱ्या व्हीएमच्या डिस्कची फाइल उघडण्याचा त्याचा प्रयत्न तिथेच अडतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर हेच काम अॅपआर्मर करतो. सेककॉम्प ही तिसरी सोय क्यूईएमयूला कर्नलकडे मोजक्याच विनंत्या करू देते. दुर्दैवाने आपल्या भागात सर्व्हर बसवताना ‘काहीतरी अडते आहे’ म्हणून पहिल्या तासातच एसईलिनक्स बंद केले जाते आणि पुन्हा कधीच चालू केले जात नाही. अडचण आली की तो केवळ नोंद ठेवण्याच्या स्थितीत नेऊन, लॉगमध्ये काय अडले ते वाचून, तेवढीच परवानगी देता येते. यासाठी एक दुपार लागते, पण त्या दुपारीतून मिळणारे संरक्षण पुढे कित्येक वर्षे पुरते.

बाह्य उपकरण थेट व्हीएमला द्यायचे असल्यास बायोसमध्ये आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीच्या ठरलेल्या भागापुरते मर्यादित ठेवणारी सोय) चालू आहे याची खात्री करावी, अन्यथा ते उपकरण यजमानाच्या मेमरीत हवे तिथे लिहू शकते. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सही असलेलाच कोड चालू देणारी सोय, आणि सही केलेलीच मॉड्यूल, एवढ्याने कर्नलमध्ये परका कोड भरण्याचा मार्ग बराच अरुंद होतो.

व्यवस्थापनाचे दार हा मात्र थोडे थांबून पाहण्याचा विषय आहे, कारण प्रत्यक्षातील नुकसान बहुधा तिथूनच होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातील व्हीएमवेअर ईएसएक्सआय (व्हीएम चालवणारी दुसरी एक यंत्रणा) सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा मोठा हल्ला झाला आणि व्हीएमच्या डिस्कच्या फाइलीच कुलूपबंद करण्यात आल्या. ईएसएक्सआयचा कर्नल लिनक्सचा नाही, पण धडा तोच आहे. हल्ल्यासाठी वापरल्याचे सांगितले गेलेल्या चुकीचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच, म्हणजे दोन वर्षे आधी उपलब्ध झाला होता. तो न लावलेले सर्व्हर इंटरनेटवर उघडे होते. यजमानाचे व्यवस्थापन करण्याचे पान इंटरनेटवरून उघडता कामा नये. ते वेगळ्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनच्या, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीच्या, आड असावे, आणि यजमानावर इतर कोणतेही काम करू नये. यजमानाच्या पडद्यावर ब्राउझर उघडणे, त्याच्यावरच प्रिंटर जोडणे, बॅकअपसाठी कुठून तरी मिळालेला प्रोग्राम चालवणे हे सारे मालकाच्या घराला नवी दारे पाडण्यासारखे आहे.

आता पुन्हा पॅचकडे वळतो, कारण वरील सर्व उपायांपेक्षा याचे वजन मला अधिक वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ ही कर्नलमधील चूक जाहीर झाली, तेव्हा ती सुमारे नऊ वर्षे कर्नलमध्ये होती. मार्च २०२२ मधील ‘डर्टी पाइप’ सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळवून देत असे. ही चूक जाहीर झाली त्याच दिवशी तिचा वापर कसा करायचा हेही सर्वांना वाचायला मिळाले. म्हणजे पॅच येणे आणि हल्ला शक्य होणे या गोष्टी आता जवळजवळ एकाच वेळी घडतात आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायला आपण जेवढे महिने घेतो तेवढे महिने आपण ते दार उघडे ठेवतो. यंत्र बंद न करता चालू कर्नलमधील चुकीचा भाग बदलण्याची लाइव्ह पॅचिंगची सोय एप्रिल २०१५ मधील लिनक्स ४.० पासून आहे आणि ती उपयुक्त आहे. परंतु तिने एखादे फंक्शन बदलता येते, मोठ्या रचनात्मक दुरुस्त्या तिच्या आवाक्यात येत नाहीत. ती रीबूट काही आठवडे पुढे ढकलू शकते, टाळू शकत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी एका मोठ्या सर्व्हरऐवजी दोन मध्यम सर्व्हर घ्यावेत. म्हणजे चालू व्हीएम एकावरून दुसऱ्यावर हलवून पहिला निवांतपणे पुन्हा सुरू करता येतो आणि शाखांना त्याची जाणीवही होत नाही.

त्याआधी आपल्या ऑपरेटिंग सिस्टमला पॅच येतात तरी का, हे पाहावे. सेंटओएस ७ या लिनक्सच्या वितरणाला (तयार संचाला) मिळणाऱ्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या, तरी त्यावर चालणारे यजमान अजूनही आढळतात. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा: कर्नलचा क्रमांक जुना दिसला म्हणजे तो असुरक्षित असे नव्हे, कारण डेबियनसारख्या वितरणांत नव्या दुरुस्त्या जुन्याच क्रमांकाच्या कर्नलमध्ये आणून बसवल्या जातात. पाहायचे ते त्या वितरणाचा पाठिंबा चालू आहे का आणि आपला कर्नल त्यांनी दिलेला शेवटचा आहे का, एवढेच.

नोंदींविषयी कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. यजमान कर्नलच हल्लेखोराच्या ताब्यात गेला तर त्याच यंत्रावरील लॉगवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून ते त्याच क्षणी दुसऱ्या, लहान का होईना पण वेगळ्या यंत्राकडे पाठवावेत.

त्या जुलैनंतर आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची संध्याकाळ सर्व्हरसाठी राखून ठेवली. शाखांना दोन दिवस आधी मराठीत आणि कन्नडमध्ये सूचना जाते. आधी बॅकअप घेऊन तो वेगळ्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवली जाते. नंतर व्हीएम एकेक करून नीट बंद होतात, डेटाबेसची सर्वांत शेवटी. पॅच लागतात आणि यंत्र पुन्हा सुरू होते. त्यानंतर ‘यूनेम’ आज्ञा देऊन चालू कर्नलचा क्रमांक आणि नुकत्याच बसवलेल्या कर्नलचा क्रमांक शेजारी शेजारी वहीत लिहिले जातात, ‘एलएससीपीयू’ची यादी वाचली जाते, एका शाखेतून एक खाते उघडून पाहिले जाते आणि दोन्ही क्रमांक सारखे असतील तरच त्या पानावर सही होते.